युनिव्हर्सिटीचं बजेट वाचताना: कोणता कागद आधी, कोणता आकडा शेवटी

बडोद्यात एम. एस. युनिव्हर्सिटीचं बजेट मंजूर झालं की दुसऱ्या दिवशी पेपरात एक मोठा आकडा येतो. त्या सकाळी दांडिया बाजारातल्या चहाच्या टपरीवर तीन वाक्यं हमखास ऐकू येतात. "एवढे कोटी आहेत, मग फी कशाला वाढवतात?" "सगळा पैसा पगारातच जातो." "एफडीत कोट्यवधी पडलेत आणि हॉस्टेलच्या संडासाला कडी नाही." बोलणारी माणसं अडाणी नसतात, त्यांत एखादा बँकेतून निवृत्त झालेलाही असतो. घोळ होतो तो वाचण्याच्या क्रमात.

मी संस्थांच्या हिशेबखात्यांत आयुष्य काढलं. गेल्या काही वर्षांत पालक, माजी विद्यार्थी, एखाददुसरा वार्ताहर असे कितीतरी जण बजेटची कात्रणं घेऊन घरी आले. चुका दरवेळी त्याच, म्हणून हे एकदा लिहून काढतो. उदाहरणांतले हिशेब 'समजा' म्हणून मांडले आहेत, ते कोणत्याही युनिव्हर्सिटीचे खरे आकडे नव्हेत.

एक चित्र आधी मनात पक्कं करा. युनिव्हर्सिटीचा पैसा एका हंड्यात नसतो. ती उतरंड असते, मडक्यावर मडकं. प्रत्येकात वेगळं धान्य, आणि प्रत्येकावर कोणाचा तरी हात. पेपरातला आकडा म्हणजे उतरंडीची उंची. खालच्या मडक्यात काय आहे ते उंचीवरून कळत नाही.

पूर्वतयारी: सहा कागद हाताशी असल्याशिवाय बसू नका

एकट्या बजेटवर बसलात की फसलात. बजेट म्हणजे इच्छा, हिशेब म्हणजे घडलेलं. दोन्ही हवेत.

१. मागच्या तीन वर्षांचे वार्षिक हिशेब, शेड्यूल (जोडलेले तपशिलाचे तक्ते) आणि टिपांसह. नुसता ताळेबंद उपयोगाचा नाही.
२. चालू वर्षाचं बजेट, त्यातल्या सुधारित अंदाजासह, म्हणजे वर्ष चालू असताना दुरुस्त केलेल्या आकड्यांसह.
३. शेवटचा ऑडिट रिपोर्ट.
४. वार्षिक अहवाल. विद्यार्थीसंख्या आणि मंजूर व भरलेली पदं त्यात शोधायची.
५. फीचं परिपत्रक, ग्रँट-इन-एड (सरकारी अनुदानावरचे) आणि हायर पेमेंट (जास्त फी घेऊन चालवलेले) अशा दोन्ही अभ्यासक्रमांचं.
६. राज्य सरकारच्या बजेटमधलं शिक्षण विभागाचं पुस्तक. त्यात २२०२ हे सामान्य शिक्षणाचं मुख्य हेड, म्हणजे हिशेबाचं खातं. त्याखाली ०३ म्हणजे विद्यापीठ व उच्च शिक्षण, आणि त्याखाली १०२ म्हणजे विद्यापीठांना सहाय्य. तांत्रिक शिक्षण २२०३ मध्ये असतं. इंजिनिअरिंग फॅकल्टी आणि पॉलिटेक्निक पोटात असलेल्या युनिव्हर्सिटीसाठी हे पानही उघडून बघा, नाहीतर अर्धं अनुदान नजरेतून सुटेल.

जोडीला एक साधी वही आणि तीन रंगांच्या पेन्सिली. संगणक नंतर.

तपासणी: प्रत्येक कागदावर आर्थिक वर्ष लिहिलेलं आहे ना? हिशेब एप्रिल ते मार्चचा, अहवाल कधीकधी जून ते मेचा. दोन्हींतले आकडे एका ओळीत मांडलेत तर पुढचं सगळं वाकडं.

टप्पा १: कॉलमचं डोकं वाचा

बजेटच्या पानावर बहुधा चार कॉलम असतात: मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. लोक थेट शेवटच्या कॉलमवर जातात आणि त्याची तुलना दुसऱ्याशी करतात, म्हणजे इच्छेची इच्छेशी. मग "बजेट वीस टक्क्यांनी वाढलं" असा मथळा तयार होतो.

शेवटचा कॉलम पहिल्याशी ताडून बघा. समजा दुरुस्तीसाठी मागच्या वर्षी दहा कोटी मागितले आणि खर्च झाले चार. यंदा बारा मागितले आहेत. ही वाढ नव्हे, ही सवय आहे. असे हेड तिन्ही वर्षांत शोधून लाल पेन्सिलीने खूण करा. मूळ अंदाजाच्या निम्मासुद्धा खर्च सलग तीन वर्षं होत नसेल, तर तो आकडा पान भरण्यासाठी लिहिलेला असतो.

एक गोष्ट उलट्या बाजूनेही बघायची. सुधारित अंदाज मूळ अंदाजापेक्षा खूप वर गेला, तर तो पैसा बहुधा दुसऱ्या हेडमधून उचललेला असतो. त्याला खात्यात री-अप्रोप्रिएशन म्हणतात. कुठून उचलला ते सुधारित कॉलममध्ये घटलेल्या ओळींत सापडतं.

टप्पा २: उतरंड उतरवा

आता पेन्सिली काढा. जमेच्या प्रत्येक ओळीपुढे रंग लावायचा.

निळा: सरकारने ठरावीक कामासाठीच दिलेला पैसा. पगाराचं अनुदान, केंद्राच्या योजनांचे पैसे, संशोधन प्रकल्प, शिष्यवृत्त्या.
हिरवा: युनिव्हर्सिटीने स्वतः कमावलेला आणि स्वतःच्या मर्जीने खर्चता येण्याजोगा. फी, परीक्षा फी, प्रमाणपत्रं-ट्रान्स्क्रिप्टची फी, भाडं, चाचणी आणि सल्लागारीचं उत्पन्न, मोकळ्या ठेवींचं व्याज.
लाल: जमेत दिसतो पण युनिव्हर्सिटीचा नाहीच. कॉशन मनी (विद्यार्थ्यांना शेवटी परत द्यायची अनामत), ठेकेदारांच्या अनामती, कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेला आयकर आणि प्रॉव्हिडंट फंड, कोणा दात्याने सुवर्णपदकासाठी ठेवलेली मूळ रक्कम.

हे काम कंटाळवाणं आहे, आणि याच टप्प्यावर लोक पळतात. पण हे केल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

लालचा किस्सा माझ्याच अंगावरचा आहे. नोकरीच्या सुरुवातीला एका संस्थेत मी विद्यार्थ्यांची कॉशन मनी 'इतर उत्पन्नात' टाकली. डोक्यावर काम होतं, हेड सापडेना, म्हणून तिकडे ढकलली. वर्षअखेर शिल्लक छान दिसली. कार्यकारिणी खूश झाली आणि मीटिंग हॉलला नवी टेबलं आली. तीन वर्षांनी ती बॅच पास होऊन पावत्या घेऊन काउंटरवर उभी राहिली तेव्हा देणं निघालं आणि बँकेत पैसे नव्हते. दहा हजार मुलांचे पाचशे रुपये म्हणजे पन्नास लाख होतात, आणि ते एकाच महिन्यात परत मागितले जातात. वरिष्ठांनी मला काही बोललं नाही, फक्त पावत्यांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला.

सावधान: 'इतर', 'किरकोळ', 'संकीर्ण' अशा नावांची ओळ एकूण हिरव्या रकमेच्या दहाव्या हिश्शापेक्षा मोठी असेल तर तिथे थांबा. तिची फोड मिळाल्याशिवाय तिला रंग लावू नका.

हिशेबाचा नमुना ओळखीचा नसेल तर एक नकाशा उपयोगी पडतो. केंद्रीय उच्च शिक्षण संस्थांसाठी केंद्र सरकारने ठरवलेल्या नमुन्यात चोवीस शेड्यूल आहेत. १ ते ३ मध्ये निधी आणि देणी, ४ ते ८ मध्ये मालमत्ता, गुंतवणूक आणि येणी. ९ म्हणजे विद्यार्थ्यांकडून आलेलं, १० अनुदानं, १४ पर्यंत उरलेलं उत्पन्न. १५ पगार, १६ शैक्षणिक खर्च, १७ प्रशासन, १९ दुरुस्ती. २४ म्हणजे संभाव्य देणी आणि टिपा. राज्याची युनिव्हर्सिटी हाच नमुना वापरेलच असं नाही, पण आपल्या हातातल्या कागदातली कुठली ओळ यातल्या कुठल्या खणात बसते, हे शोधत गेलं की काय गायब आहे ते आपोआप कळतं.

टप्पा ३: पगाराचं अनुदान, आणि रिकाम्या खुर्चीचा हिशेब

निळ्या रंगातली सगळ्यात जाड ओळ हीच. "सगळा पैसा पगारात जातो" हे वाक्य खरं असूनही दिशाभूल करतं. अनुदानच पगारासाठी येतं, ते पगारात जाणार नाही तर कुठे जाणार? त्यातून वर्गातला पंखा घेता येत नाही.

इथे बघायचे आकडे तीन: मंजूर पदं, भरलेली पदं आणि हंगामी माणसं. समजा एका विभागात वीस पदं मंजूर आहेत आणि बारा भरलेली. सरकारचा पैसा बारा जणांच्या पगाराचा. उरलेल्या आठ खुर्च्या रिकाम्या म्हणून तास थांबत नाहीत. सहा हंगामी शिक्षक घेतले, महिना चाळीस हजार, अकरा महिने:

६ × ४०,००० × ११ = २६,४०,००० रुपये

हा पैसा अनुदानातून मिळाला नाही तर हिरव्या मडक्यातून जातो, म्हणजे फीतून. एका विभागाचे सव्वीस लाख. असे विभाग किती, ते मोजा. रिकाम्या पदाने सरकारचा पैसा वाचतो आणि त्याचं बिल विद्यार्थी भरतो, ही गोष्ट बजेटच्या एकाही पानावर या शब्दांत लिहिलेली नसते. अनुदान एका पानावर, हंगामींचं मानधन दुसऱ्या पानावर, कधी तर 'शैक्षणिक खर्च' या नावाखाली. ही दोन पानं शेजारीशेजारी ठेवणं हे तुमचं काम.

तपासणी: भरलेली पदं कमी होत असताना पगाराची ओळ वाढतेय का? लगेच संशय घेऊ नका. महागाई भत्ता वाढतो, वार्षिक वाढ मिळते, आणि थकबाकी एकदम येते. सातव्या वेतन आयोगाची वेतनश्रेणी १ जानेवारी २०१६ पासून मोजली गेली, पण रक्कम नंतरच्या वर्षांत हप्त्यांनी गेली. ज्या वर्षी हप्ता गेला त्या वर्षीचा पगार फुगलेला दिसतो. थकबाकी वेगळी काढल्याशिवाय वर्षांची तुलना करू नका.

पेन्शन कुठल्या ओळीत आहे तेही शोधा. गुजरातेत १ एप्रिल २००५ नंतर लागलेल्यांना नवी पेन्शन योजना आहे, त्याआधीच्यांना जुनी. म्हणून अजून काही वर्षं दोन ओळी समांतर चालणार: एक निवृत्तांना देण्याची, दुसरी नोकरीत असलेल्यांच्या खात्यात दरमहा भरण्याची. दोन्ही मिळून 'पगार' या एकाच शब्दात कोंबलेल्या असतील तर शिकवण्यावरचा खर्च तुम्ही फुगवून वाचाल.

शेवटी राज्याच्या पुस्तकातल्या २२०२-०३-१०२ खालचा आपल्या युनिव्हर्सिटीचा आकडा घ्या आणि युनिव्हर्सिटीच्या हिशेबातल्या अनुदानाशी जुळवा. थोडाफार फरक चालतो, कारण मार्चअखेर सुटलेला हप्ता एप्रिलमध्ये जमा होतो. त्याहून मोठा फरक दिसला तर तो प्रश्न वहीत लिहा.

टप्पा ४: फी

फीच्या ओळीत तीन खड्डे आहेत.

पहिला खड्डा वर्षाचा. मुलं जूनमध्ये भरतात आणि डिसेंबर-जानेवारीत भरतात. दुसरा भरणा एप्रिलनंतरच्या महिन्यांचाही असतो. ३१ मार्चला आलेल्या फीतला काही भाग 'आगाऊ मिळालेली फी' म्हणून देण्यांत गेला पाहिजे. रोखीच्या पद्धतीने हिशेब ठेवणाऱ्या संस्थेत तो जात नाही. मग प्रवेशाच्या तारखा एका वर्षी पुढे ढकलल्या की फी 'घटली' आणि पुढच्या वर्षी 'दुप्पट झाली' असं दिसतं. म्हणून आधी हिशेबाच्या धोरणाची टीप वाचा: रोख (पैसा आला तेव्हाच नोंद) की उपार्जित (ज्या काळाचा पैसा त्या काळात नोंद).

दुसरा खड्डा शिष्यवृत्तीचा. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि इतर पात्र मुलांची फी सरकारकडून यायची असते. ती उशिरा येते. हिशेबात ती 'येणं' म्हणून पडून राहते. हे येणं दरवर्षी वाढतंय का ते बघा. वाढत असेल तर युनिव्हर्सिटीच्या खात्यात न आलेल्या पैशावर खर्चाचं बजेट बांधलं जातंय.

तिसरा खड्डा हायर पेमेंटचा. बडोद्यात हा शब्द घराघरांत माहीत आहे. एकाच इमारतीत, एकाच विषयात, एका बाकावरचा मुलगा काही हजारांत शिकतो आणि शेजारचा त्याच्या कितीतरी पट भरतो. पालक म्हणतात, "हायर पेमेंटमधून युनिव्हर्सिटी नफा काढते." काढते की नाही हे फीचा एकूण आकडा बघून कळणार नाही. त्या अभ्यासक्रमाच्या जमेतून त्याच अभ्यासक्रमाचे शिक्षक, प्रयोगशाळेचं सामान आणि परीक्षा वजा करा. शिवाय मुख्य कचेरी ठरावीक वाटा कापून घेत असेल तर तोही. हा वाटा किती, हे विचारायला विसरू नका. सगळ्यात बोलकी ओळ तीच असते.

'स्वावलंबी व्हा' असं युनिव्हर्सिट्यांना हल्ली सारखं सांगितलं जातं. ऐकायला बरं वाटतं. पण १९६१ च्या आयकर कायद्यात कलम १०(२३सी)(३-एबी) ची करमाफी 'मुख्यत्वे सरकारी पैशावर चालणाऱ्या' शिक्षणसंस्थेला होती, आणि नियम २बीबीबी प्रमाणे मुख्यत्वे म्हणजे एकूण जमेच्या निम्म्याहून जास्त. फी आणि इतर जमा वाढवत वाढवत सरकारी वाटा निम्म्यावर आला, की माफीसाठी दुसरी वाट शोधावी लागते. तुमच्या निळ्या आणि हिरव्या रकमा मांडा आणि हे प्रमाण काढा. एका मिनिटाचं काम.

टप्पा ५: एफडीत पडलेला पैसा

ताळेबंदात गुंतवणूक दोन ठिकाणी असते: ठरावीक निधीची आणि मोकळी. पेपरात बेरीज येते. तुम्ही फक्त दुसरी घ्या.

पहिलीत काय काय असतं ते जवळून बघण्यासारखं आहे. एखाद्या विभागाच्या निधींची यादी मिळाली तर वाचा. कोणा वकिलाने १९६० च्या दशकात आईच्या नावाने ठेवलेली रक्कम, संस्कृतात पहिल्या येणाऱ्या मुलीसाठी. कोणा सरदार घराण्याची देणगी. अशा दात्यांच्या याद्यांत मराठी आडनावं पानोपान सापडतात. समजा मूळ रक्कम पंचवीस हजार, सात टक्क्यांनी व्याज साडेसतराशे. एवढ्यात आज सोन्याचं पदक तर सोडाच, चांदीचा मुलामाही महाग पडेल. उरलेला खर्च हिरव्या मडक्यातून होतो किंवा पदक बंद पडतं. पण मूळ रकमेला हात लावून हॉस्टेलची कडी बसवता येत नाही, दात्याने तशी परवानगी दिलेली नसते.

प्रकल्पांचा पैसाही असाच. केंद्राच्या अनुदानावर बँकेत व्याज मिळालं तर ते युनिव्हर्सिटीचं होत नाही. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांप्रमाणे ते सरकारकडे परत जातं.

मोकळ्या गुंतवणुकीतून आता पुढची देणी वजा करा: निवृत्त होणाऱ्यांची ग्रॅच्युइटी आणि रजेचे पैसे, कॉशन मनी, मंजूर झालेली पण न दिलेली बिलं. जे उरेल ते खरोखर हाताशी असलेलं. ही वजाबाकी केल्यावर काही वेळा आकडा उणे येतो. घाबरू नका, पुन्हा एकदा करा. पुन्हा उणे आला, तर तुम्हाला पेपरातल्या मथळ्याच्या नेमकी उलटी बातमी सापडलेली आहे. आणि तरीही मोठी रक्कम उरली, तर टपरीवरचं ते तिसरं वाक्य रास्त आहे. आता ते आकड्यानिशी बोला.

टप्पा ६: खर्च

खर्च मोठ्याकडून लहानाकडे वाचायचा. चहापाणी, गाड्या, सत्कार यांवर लोक तुटून पडतात, कारण ते समजायला सोपं असतं. तिथे काही लाख असतात. कोटी इतरत्र असतात.

पगारानंतर बघा ती कंत्राटी सेवांची ओळ, म्हणजे सुरक्षा आणि सफाई. शाळांना, बारावीपर्यंत, या सेवांवर जीएसटीची माफी आहे. युनिव्हर्सिटीला नाही. तिला १८ टक्के भरावे लागतात आणि फीवर कर नसल्यामुळे ते कुठे वळतेही करून घेता येत नाहीत. म्हणजे शंभर रुपयांच्या पहारेकऱ्याला एकशे अठरा. कंत्राटाची रक्कम करासह आहे की कराविना, हे पाहिल्याशिवाय दोन वर्षांची तुलना करू नका.

वाचनालयाची ओळ यापुढे फसवेल. 'एक राष्ट्र एक सदस्यत्व' योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. २०२५ ते २०२७ साठी ६,००० कोटी, सुमारे १३,००० संशोधन नियतकालिकं, राज्यांच्या संस्थांसकट. त्यामुळे नियतकालिकांवरचा खर्च घसरलेला दिसला तर वाचनालयावर कात्री चालली असं लगेच लिहू नका. वाचलेला पैसा पुस्तकांवर गेला की गायब झाला, हा त्यापुढचा प्रश्न.

दुरुस्ती आणि भांडवली खर्च यांची सीमारेषा तपासा. जुन्या इमारती असलेल्या युनिव्हर्सिटीत हा घोळ कायमचा. आर्ट्स फॅकल्टीच्या घुमटासारख्या वास्तूचं काम नुसतं डागडुजीत मोजायचं की भांडवली कामात, यावर त्या वर्षीची तूट ठरू शकते. आणि ज्या वर्षी विश्वामित्री नदी गावात शिरते त्या वर्षीचा दुरुस्तीचा आकडा नेहमीचा धरू नका. ऑगस्ट २०२४ आठवा.

परीक्षा, वीज, छपाई या ओळींत मला सहसा काही सापडत नाही. त्या वाढत जातात, एवढंच.

टप्पा ७: ऑडिट रिपोर्ट, मागून पुढे

ऑडिट रिपोर्ट शेवटच्या पानाकडून वाचा. संभाव्य देणी तिथे असतात: कोर्टातले दावे, ठेकेदारांचे लवाद, वेतनश्रेणीवरून चाललेले खटले. एक खटला हरला की मागच्या दहा वर्षांचं देणं एका दिवसात ताळेबंदात येतं.

मग हरकतींची यादी. यंदाची हरकत गंभीर असेलच असं नाही, पण तीच हरकत सलग तीन रिपोर्टांत असेल तर आहे. 'न मिटलेली आगाऊ रक्कम' हा परिच्छेद मी आधी शोधतो. परिषद भरवायला, सहलीला, परीक्षेच्या कामाला कोणीतरी पैसे उचलतो आणि व्हाउचर देत नाही. रक्कम लहान असते. पण ही यादी लांबत गेली की हिशेबखात्याचा वचक किती आहे ते दिसतं.

उपयोगिता प्रमाणपत्रंही इथेच. केंद्राचं अनुदान खर्च झाल्याचं प्रमाणपत्र आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत द्यायचं असतं. ते अडलं की पुढचा हप्ता अडतो. "दिल्लीने पैसे दिले नाहीत" असं ऐकलंत तर पहिला प्रश्न हाच विचारा.

सावधान: कॅग, म्हणजे देशाचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, यांचं खातं दरवर्षी प्रत्येक युनिव्हर्सिटी तपासतं असं समजू नका. कॅगच्या १९७१ च्या कायद्याच्या कलम १४ प्रमाणे, सरकारी अनुदान पंचवीस लाखांहून कमी नसावं आणि एकूण खर्चाच्या ७५ टक्क्यांहून कमी नसावं, अशी अट आहे. अनुदान एक कोटी वा अधिक असेल तर राज्यपालांच्या पूर्वसंमतीनेही तपासता येतं.

टप्पा ८: भागाकार सगळ्यात शेवटी

'एका विद्यार्थ्यामागे किती खर्च' हा आकडा लोक पहिल्याच मिनिटाला काढतात. समजा बजेट तीनशे कोटी, विद्यार्थी तीस हजार. डोई एक लाख. आता त्यातून पेन्शनचे साठ कोटी, प्रकल्पांचे पंचवीस आणि बांधकामाचे पस्तीस काढा. उरले एकशे ऐंशी कोटी, म्हणजे डोई साठ हजार. आधीच्या आकड्यात चाळीस हजार रुपये हवेतले होते.

दुसऱ्या गावाशी तुलना करताना आणखी जपा. माझे मेहुणे इंदूरचे. दर दिवाळीला ते देवी अहिल्या विश्वविद्यालयाचे आकडे काढून आम्हाला हिणवतात. पण ती कॉलेजं संलग्न करणारी युनिव्हर्सिटी आहे, ग्वाल्हेरची जीवाजीही तशीच. तिथे संलग्न कॉलेजांतल्या मुलांची परीक्षा फी आणि कॉलेजांची संलग्नता फी युनिव्हर्सिटीकडे येते, शिकवण्याचा खर्च मात्र कॉलेजच्या माथी. आमची एम. एस. युनिव्हर्सिटी मुख्यत्वे स्वतः शिकवते. तिथल्या लाखो परीक्षार्थ्यांनी भागून आलेला आकडा आणि इथल्या वर्गात बसणाऱ्या मुलांनी भागून आलेला आकडा, दोन्हींत तुलना करण्यासारखं काही नाही. मेहुण्यांना हे पटलेलं नाही.

टप्पा ९: उरलेले प्रश्न माहिती अधिकारात विचारा

इथपर्यंत वहीत आठ-दहा प्रश्न जमले असतील. अर्ज करण्याआधी वेबसाइट बघा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(ख) च्या अकराव्या बाबीप्रमाणे बजेट, प्रस्तावित खर्च आणि झालेल्या वाटपाचा अहवाल स्वतःहून प्रसिद्ध करणं बंधनकारक आहे. तिथे नसेल तर तेच कलम अर्जात लिहा.

बडोद्यातल्या मराठी माणसाने एक लक्षात ठेवावं. कलम ६ प्रमाणे अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या प्रदेशाच्या राजभाषेत करायचा, म्हणजे इथे गुजरातीत. मराठीत केलेला अर्ज परत येऊ शकतो. गुजरातेत अर्जाची फी वीस रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालच्यांना पुराव्यासह माफ. कारण सांगायची गरज नाही, आणि सांगूही नका. कारण लिहिलं की अर्ज तक्रारीसारखा वाचला जातो.

नेहमीची चूक म्हणजे "गेल्या दहा वर्षांचा सर्व जमाखर्च द्यावा" असा अर्ज. उत्तर येतं की माहिती फार मोठी आहे. "हंगामींवर एवढा खर्च का?" असं विचारलं तरी हाती काही लागत नाही, कारण कायदा नोंदींची माहिती देतो, खुलासे देत नाही. असं लिहा:

"अमुक फॅकल्टीतील मंजूर, भरलेली व रिक्त शैक्षणिक पदे, ३१ मार्चच्या स्थितीनुसार, मागील तीन वर्षे. याच तीन वर्षांत हंगामी शिक्षकांना दिलेले एकूण मानधन व ते ज्या हेडखाली टाकले त्याचे नाव. संबंधित लेजरची पाने पाहण्याची परवानगी द्यावी."

उत्तराला तीस दिवस. आलं नाही किंवा अपुरं आलं तर तीस दिवसांत पहिलं अपील, त्याच संस्थेतल्या वरच्या अधिकाऱ्याकडे. त्यानेही भागलं नाही तर नव्वद दिवसांत गांधीनगरला राज्य माहिती आयोगाकडे दुसरं.

जुने ठराव मागताना मंडळाचं नाव बरोबर लिहा. २०२३ च्या गुजरात पब्लिक युनिव्हर्सिटीज कायद्याने राज्यातल्या अकरा युनिव्हर्सिट्या एका छत्राखाली आल्या आणि इथली सिनेट-सिंडिकेट ही जुनी कारभारी मंडळं जाऊन बोर्ड ऑफ मॅनेजमेंट आलं. त्याआधीचा ठराव बोर्डाच्या नावाने मागितलात तर "असा ठराव उपलब्ध नाही" हे उत्तर मिळेल, आणि ते खरंही असेल.

नोंदी पाहायला बोलावलं तर सकाळी लवकर जा. पानाचे क्रमांक टिपून घ्या, हव्या त्या पानांच्या प्रती तिथेच मागा. पानामागे दोन रुपये पडतात. पावती मागा, आणि सुटे पैसे घरूनच न्या.